मटणाची दीड पानं आणि भावाची एक ओळ

पत्र

ताई, नमस्कार. माझं वय 48. सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. वडील वारकरी. ते गेल्यावर त्यांच्याच फडावरच्या (वारकऱ्यांच्या गटातल्या) महाराजांकडून मी माळ घेतली. तेव्हापासून एकादशी, हरिपाठ आणि आषाढीची वारी चुकवलेली नाही. गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात संध्याकाळी वीणा माझ्याकडंच असते. लहानथोर सगळे माऊली म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात मित्राच्या मळ्यावर जेवण होतं. मी माळ काढून खुंटीला अडकवली आणि मटण खाल्लं. दुसऱ्या दिवशी हरिपाठाला जीभ जड झाली. तेव्हापासून कुणी पायाला हात लावला की नको वाटतं. आपण ढोंगी आहोत हे मनातून जात नाही.

दिंडीतल्या एका जाणत्या बुवांना, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट आहे असं भासवून विचारलं. ते म्हणाले, असल्या माणसानं वीणेला शिवू नये. आधी शुद्ध व्हावं, मग देवापुढं उभं राहावं. मुलगी पुण्यात आयटी कंपनीत आहे. तिला मात्र खरं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मग माळ काढूनच टाका ना. जसे आहात तसे राहा. फेक कशाला वागायचं?"

बुवांचं ऐकायचं तर वर्षभर अनुष्ठान, मौन, अळणी जेवण असं करून स्वतःला धुऊन काढावं लागेल. मुलीचं ऐकायचं तर माळ उतरवावी लागेल. दोन्हीला मन धजत नाही. काय करू?

बाकी संसार ठीक. फक्त 2019 च्या पुरात धाकट्या भावाची शिलाईची मशिनं आमच्या खालच्या खोलीत बुडाली, पंचनामा एकाच घराचा झाला, रेशनकार्ड एकच असल्यानं मदत माझ्या खात्यावर आली आणि त्याचा वाटा द्यायचा राहून गेला, तेव्हापासून बोलणं नाही, पण तो विषय आता जुना झाला. तो वरच्या मजल्यावर राहतो. मुलगी गावी आली की एक वेळ जेवायला त्याच्याकडं जाते.

— एक माळकरी, सांगली

उत्तर

दिवाणजी, नमस्कार.

माऊली म्हणत नाही, कारण तो शब्द सध्या तुम्हाला टोचतोय.

वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. हे पत्र छापण्यासाठी मी बरंच कापलं. मुळात ते तीन फुलस्केप पानांचं आहे आणि त्यातली दीड पानं मटणाची आहेत. मळा कुठल्या रस्त्याला, चूल कुठं मांडली होती, माळ अडकवली त्या खुंटीला आधीपासून बैलाची म्होरकी लटकत होती, वाढणाऱ्यानं "माऊली, रस्सा का सुक्कं?" असं विचारल्यावर हशा कसा पिकला, घरी जाताना वास येऊ नये म्हणून दाढेत लवंग कशी धरली. सगळं जसंच्या तसं. आणि भावाचं सगळं प्रकरण एका ओळीत. मशिनं, पंचनामा, रेशनकार्ड, खातं, अबोला, सगळं एका दमात, आणि शेवटी 'विषय जुना झाला'. तुम्ही दिवसभर लोकांच्या रकमा लिहिता. कागदावर कुठली रक्कम ठळक आणि कुठली खाली बारीक अक्षरात, याला अर्थ असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुमचा प्रश्न असा आहे की परमार्थात आधी शुद्ध व्हायचं की आहे तसं खरं राहायचं. बुवा एका टोकाला, मुलगी दुसऱ्या टोकाला. पण गंमत बघा, दोघांपैकी कुणाचंही ऐकलंत तरी जिना चढून वर जायची वेळ तुमच्यावर येत नाही. वर्षभर अळणी जेवलात तरी भावाचा वाटा तुमच्याकडंच. माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवलीत तरी तुमच्याकडंच. या दोन सल्ल्यांत तुम्ही हिवाळ्यापासून अडकून पडलात, त्याचं एक कारण मला हे दिसतं. हे वाचायला कडू आहे, पण विचारलंत म्हणून सांगते.

आधी बुवांचं. त्यांना मी मोडीत काढत नाही. ज्याच्या हातात वीणा असते त्याच्या पाया लोक पडतात, तेव्हा त्यानं स्वतःकडं नीट बघावं, एवढं म्हणायचा त्यांना अधिकार आहे. मन निर्मळ नसेल तर साबण काय करणार, हे तुकोबांनीही विचारलेलं आहे. पण 'आधी शुद्ध, मग देव' हा क्रम आपल्याकडच्या संतांचा नव्हे. माण तालुक्यात गोंदवल्याला जाऊन आला असालच. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांनी (1845–1913) जन्मभर लोकांना नामाला लावलं, पण नाम घ्यायला आधी मन स्वच्छ पाहिजे अशी अट कधी घातली नाही. नाम घेता घेता मन स्वच्छ होतं, असंच ते सांगत राहिले. बहे-बोरगावला कृष्णेच्या पात्रात ज्यांनी मारुती बसवला त्या समर्थांचं करुणाष्टक तुम्हाला पाठ असेल. 'अचपळ मन माझें नावरे आवरीतां'. मन आवरत नाही, हे रामापुढं उभं राहून सांगितलेलं आहे. मन आवरून मग येतो, असं ते म्हणालेले नाहीत. सज्जनगडापासून सांगलीच्या गल्लीबोळापर्यंत लहान पोरं हे दिवेलागणीला म्हणतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मोठा माणूस तेच स्वतःबद्दल म्हणायला लागला की मात्र आपल्याला त्याची वीणा काढून घ्यावीशी वाटते.

सप्ताहात आळीपाळीनं वीणा धरायचा पहारा असतो तो तर तुम्ही कितीदा केला असेल. रात्री दोनचा पहारा असलेला माणूस कुठून येतो? कारखान्यातली पाळी संपवून येतो, म्हशीची धार काढून येतो, बायकोशी भांडून येतो. आधीचा त्याच्या पाया पडतो, तो आधीच्याच्या पाया पडतो आणि वीणा गळ्यात घेतो. ती खाली टेकू द्यायची नाही, एवढाच नियम. तू कुठनं आलास, काय खाऊन आलास, हे त्या वेळी कुणी विचारत बसलं तर सप्ताह पहिल्या रात्रीच मोडेल.

आणि शुद्धतेचा आग्रह फार झाला की काय होतं, तेही तुम्ही दर वारीला डोळ्यांनी बघता. पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. बाहेर. त्यांच्या भक्तीबद्दल कुणालाच शंका नव्हती, तरी बाहेर. त्या मंदिराचं दार सगळ्या जातींना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे सहाशे वर्षं आत सोवळं नीट सांभाळलं जात होतं आणि माणूस पायरीशी थांबला होता. बुवांच्या तोंडचं 'शिवू नये' ऐकून मला आधी हेच आठवलं. त्यांच्या मनात तसलं काही नसेलही. पण तो शब्द कुठून आलाय, ते आपण विसरू नये.

तुमच्याबाबतीत शुद्धतेचा हा आग्रह आणखी एक काम करतोय. मटणाला वास असतो, म्हणून तुम्ही लवंग धरली. मटण खाल्ल्याची तारीख सांगता येते. त्याला प्रायश्चित्त आहे, उपास आहे, आंघोळ आहे. भावाच्या पैशांना वास नाही. ते खात्यात आले, फरशीला, प्लास्टरला, मुलीच्या फीला असे कशाकशात गेले आणि त्यांचा माग राहिला नाही. शुद्ध होण्याच्या मागं लागलेला माणूस आधी मोजता येतील, धुता येतील अशा चुका गोळा करतो. ज्या धुऊन जात नाहीत, ज्यांच्यासाठी दुसऱ्या माणसाच्या दारात उभं राहावं लागतं, त्या 'बाकी ठीक' मध्ये जातात. तुमच्या धंद्यातलंच बोलायचं तर पॉलिशच्या ड्रममध्ये हळकुंड कितीही फिरवलं तरी सौद्याच्या वेळी खरेदीदार ते मोडून आतला रंग बघतोच, आणि तुम्ही रोज तिथंच उभे असता. वर्षभराचं अनुष्ठान मला त्या ड्रमसारखं वाटतं. त्यानं चमक येईल. लोक आणखी पाया पडतील. मग काय कराल?

आता मुलीचं. तिचं बोलणं तुम्हाला लागलं असणार, आणि 'फेक' हा शब्द बापाला वापरायचा नसतो हे तिला कुणीतरी सांगायला हवं. पण तिच्या रागात मला माया दिसते. तुम्ही मटणाचं फक्त तिला सांगितलंत, बायकोला नाही, बुवांनाही नाही. ते तिनं मनाला लावून घेतलं.

तरी तिचा सल्ला मला पटत नाही. 'जसे आहात तसे राहा' म्हणजे नेमके कसे? मळ्यावर मटण खाणारे दिवाणजी खरे, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांची जीभ हरिपाठाला जड झाली ते दिवाणजी खोटे, हे कुणी ठरवलं? भूक खरी आणि खंत नाटकी, असं मानायची हल्ली एक पद्धत पडली आहे. मोबाइलवर दिवसभर 'स्वतःशी प्रामाणिक राहा' असं सांगणारे लोक भेटतात, आणि त्या प्रामाणिकपणातून बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते, ती म्हणजे आपल्याला जे करायचं होतं ते करायची परवानगी. वडिलांच्या जाण्यानंतर तुम्ही रोज दिवेलागणीला मंदिरात जाताय. पाऊस असो, पूर ओसरल्यावरचा चिखल असो. इतकी वर्षं एखादी गोष्ट रोज केली की तिचा काही भाग माणसाच्या अंगात उतरतोच. तो तुमचाच आहे. तो काढून ठेवून जे उरेल ते तुमचं खरं रूप, हे गणित मला मान्य नाही.

तिच्या पिढीला समजेल अशा भाषेत एक सांगते, तिला वाचून दाखवा. जॉन वेलवूड नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः बौद्ध साधना करणारे. त्यांनी 1980 च्या दशकात आपल्याबरोबरच्या साधकांमध्ये एक सवय बघितली आणि तिला 'स्पिरिच्युअल बायपासिंग' असं नाव दिलं. घरातली, नात्यातली, मनातली अर्धवट राहिलेली दुखणी तशीच ठेवायची आणि ध्यान, मंत्र, वैराग्य यांच्या आधारानं त्यांना वळसा घालून पुढं निघून जायचं. यावर त्यांनी साधना सोडा असं सांगितलं नाही. ते स्वतःही साधना करत होते. त्यांचं म्हणणं एवढंच की साधना चालू ठेवून त्या दुखण्यांकडंही बघावं लागतं. म्हणजे मुलगी ज्याला फेक म्हणते त्याचं निदान तिनं निम्मं बरोबर केलं. औषध चुकलं.

आणि एक अंदाज, चुकला तर सोडून द्या. ती गावी आली की काकाकडं जेवायला जाते, असं तुम्ही स्वतःहून लिहिलंय. मी विचारलं नव्हतं. वर गेल्यावर तिला काका-काकूंची तोंडं दिसतात, बुडालेल्या मशिनांची जागा दिसते. खाली आल्यावर बाबांचा हरिपाठ ऐकू येतो. तिच्या 'फेक' मध्ये मटण कितपत होतं, मला शंका आहे.

आता ज्यांच्या नावानं तुम्ही रोज टाळ वाजवता त्या तुकोबांची एक गोष्ट. तुम्हाला ठाऊक आहे, पण बहुतेकांसारखी अर्धीच लक्षात असणार. घरची सावकारी होती. वैराग्य आल्यावर तुकोबांनी लोकांकडून येणं असलेली खतपत्रं इंद्रायणीत बुडवली, हे कीर्तनात हजार वेळा ऐकलंय. ते बुडवण्याआधी काय केलं? धाकटा भाऊ कान्होबा. त्याचा निम्मा वाटा त्याला मोजून दिला आणि मग स्वतःच्या वाट्याची खतं पाण्यात टाकली, असं चरित्रात सांगतात.

इथं जरा थांबा. सगळी खतं एकदम बुडवली असती तर त्याग जास्त मोठा दिसला असता. गावानं डोक्यावर घेतलं असतं. पण त्यातले निम्मे पैसे भावाचे होते, आणि भावाला वैराग्य आलेलं नव्हतं. त्याला संसार करायचा होता. तुकोबांनी आपल्या निर्मळ होण्यात त्याचा पैसा धरला नाही. नदीकाठी कागदांचे दोन गठ्ठे होतायत, एक कान्होबापुढं सरकवलाय, कुणाकडून किती येणं आहे ते बघून वाटणी चाललीय. कीर्तनकार यावर फारसे थांबत नाहीत, कारण वाटणीचं दृश्य काही भक्तिरसाचं नाही. तुम्ही थांबा. तुम्ही दिवाणजी आहात, तुम्हाला ते दिसेल.

म्हणून माझं सांगणं. शुद्धतेचा आणि खरेपणाचा वाद तूर्त बाजूला ठेवा आणि हिशेब करा.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45. त्या पाण्यात कुणाचं किती गेलं हे आज कोण अचूक सांगणार, असं तुमच्या मनात येईल. येऊ द्या आणि तरी बसा. मशिनं किती होती, कुठल्या बनावटीची, जुनी का नवी, हे तुम्हाला माहीत आहे. ती पाण्यातून काढताना तुम्ही हात लावला असेल. पंचनाम्याची प्रत घरात कुठंतरी असेल. खालच्या मजल्याला खर्च जास्त आला हे खरं असेल, तर तेही धरा. पण एकदा कागदावर मांडा. शेतकऱ्याला विकलेल्या मालाच्या हिशेबाची पट्टी करून देता तशी भावाच्या नावची पट्टी करा, तारखेसकट. त्यात हमाली-तोलाई कापू नका. बँकेच्या ठेवीला मिळतं तेवढं व्याज धरा. त्यानं मागितलं नाही म्हणून व्याज नाही, हा युक्तिवाद अडत दुकानात चालत असेल, घरात चालत नाही.

रक्कम एकदम जमत नसेल तर निम्मी आता आणि उरलेली कधी, हे लिहून द्या. 'देऊ हळूहळू' म्हणू नका. ते तो आधीच ऐकून आहे.

बायकोला आधी सांगा. पैसे घरातून जाणार आहेत आणि जिन्यावर रोज समोरासमोर यायचं आहे ते दोघी जावांना. तिला डावलून तुम्ही एकटे उदार झालात तर वरचं भांडण खाली येईल. मटणाचंही तिला कळू द्या. लवंगेनं काय लपतं, बायकांना सगळं कळतं.

वर जायचा दिवस साधा निवडा. एकादशी नको, पाडवा नको, भाऊबीज तर मुळीच नको. सणाच्या दिवशी गेलात तर त्याला नाही म्हणायची सोय राहत नाही, आणि ती सोय त्याला असली पाहिजे. मंदिरातून परस्पर कपाळाला बुक्का लावून जाऊ नका. बरोबर कुणी मध्यस्थ नको, बुवा नकोत, मुलगीही नको. फराळाचा डबा नको. पट्टी आणि पैसे, बस्स.

काय बोलायचं? थोडकं. "पुरातले तुझे पैसे माझ्याकडं राहिलेत. हिशेब केलाय, बघून घे. चुकलं असेल तर सांग." एवढं म्हणा आणि गप्प बसा. तुमचं मन किती खात होतं, रात्री झोप कशी येत नव्हती, हे त्याला सांगू नका. त्याची मशिनं बुडाली होती, त्यालाही तेव्हा झोप आली नसेल. आपली खंत त्याच्यासमोर मांडायला लागलात की त्यानं तुमची समजूत काढायची वेळ येते, आणि तो हिशेब परत त्याच्याच अंगावर पडतो.

तो बोलेल. इतक्या वर्षांचं साठलेलं आहे. "हरिपाठाला बसताना आठवलं नाही का रे?" असंही म्हणेल, लहान असला तरी. त्या वेळी चेहऱ्यावर संतपण आणू नका. हात जोडून, डोळे मिटून, मंद हसून ऐकायला लागलात की तो आणखी भडकेल आणि त्याचं काही चुकणार नाही. राग आला तर येऊ द्या, चेहऱ्यावर दिसू द्या, फक्त उलटं बोलू नका. उठून जावंसं वाटलं तर पाणी मागा. मुलगी खरं वागा म्हणते त्याला इथं जागा आहे, आणि बुवा म्हणतात त्या संयमालाही.

भावावर तुमचं प्रेम उफाळून आलं पाहिजे, असं काही नाही. तुम्हा दोघांचं पटत नसेल तर नसेल. देणं फेडायला माया लागत नाही. अबोला सुटेल का, ते मला सांगता येत नाही. त्यानं पैसे घेतले आणि दार लावलं, तरी तुमचं काम झालं. त्यानं पैसे घेतलेच नाहीत, "नको तुझे पैसे" म्हणाला, तर परस्पर त्याच्या पोराच्या नावावर ठेव करून मोकळे होऊ नका. तो पुन्हा स्वतःलाच सोडवून घ्यायचा रस्ता. पट्टी त्याच्याकडं ठेवून या, पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, खातं कुठलं ते त्याला सांगा आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत विचारा.

वीणेचं काय? सोडू नका, पण रोज स्वतःकडंच ठेवूही नका. गल्लीत दुसरा कुणीतरी असेलच, ज्याचा हात कधीच लागू दिला नाही. त्याला आठवड्यातले काही दिवस द्या आणि तुम्ही मागं टाळ घेऊन उभे राहा. यात प्रायश्चित्त काही नाही. सगळे पाया पडतात त्या जागेवर रोज उभं राहणं कुणाच्याही तब्येतीला बरं नसतं.

राहिलं मटण. ते खाणं पाप की नाही या वादात मी पडत नाही. आपल्याकडं यात्रेला बोकड पडतोच, आणि ते खाणारी कितीतरी माणसं भली आहेत. पण तुम्ही माळ घेताना महाराजांना शब्द दिला होता. तो तुमचा शब्द, तुम्ही मोडला, आणि मोडलेला शब्द परत जोडता येतो. माळेचा दोरा तुटला तर मणी गोळा करून, ओवून ती गळ्यात येईपर्यंत अन्नाला न शिवणारी माणसं तुमच्या फडावर असतील. ते माळ फेकूनही देत नाहीत आणि वर्षभर स्वतःला कोंडूनही घेत नाहीत. ओवतात. तुम्ही महाराजांकडं जा आणि जे झालं ते सांगा, या वेळी 'माझ्या ओळखीतला एकजण' म्हणून नव्हे. ते काय सांगतील ते करा. पुन्हा खायची इच्छा होते, हेही सांगून टाका. होत असेल तर.

फक्त क्रम पाळा. आधी जिना, मग महाराज. उलटं केलंत तर महाराज एखादी निर्जळी एकादशी करायला सांगतील, ती तुम्ही मनापासून कराल, अंग हलकं होईल, हरिपाठाला जीभही मोकळी चालेल, आणि भावाच्या नावची पट्टी कपाटात तशीच पडून राहील.